उघडीप

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो सातशेच्या आसपास येऊन थांबतो. घाटमाथ्यावर ढग रिकामे होतात आणि उरलेले पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यातून पूर्वेकडे जाता जाता विरळ होते. मावळातले वराळे या उतरणीच्या मधल्या पायरीवर आहे: तळेगाव दाभाड्याला लागून, इंद्रायणीच्या काठी, भाताची खाचरे भरतील इतका पाऊस, पण लोणावळ्यासारखा जीव नकोसा करणारा नाही. या भागात हवामानाचे बोलणे निघाले की ते मिलिमीटरमध्येच निघते. धरण किती भरले, गेल्या वर्षी याच तारखेला पाऊस किती होता, सरासरी गाठली की नाही. पाणीपुरवठ्यापुरता हा हिशेब चोख आहे. पण हवामान परागकणांच्या प्रवासाचे काय करते, असा प्रश्न घेतला तर हे माप जवळजवळ निरुपयोगी ठरते. तिथे उपयोगी पडतो तो शेतकऱ्याच्या तोंडचा एक साधा शब्द: उघडीप. पाऊस किती पडला यापेक्षा तो कधी थांबला, किती वेळ थांबला आणि तेवढ्या वेळात कोणते फूल उमलायच्या बेतात होते, यावर परागाचे भवितव्य ठरते, असे माझे म्हणणे आहे. आणि ते तपासून पाहायला मावळाइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही.

पहिली शंका वाऱ्याची येईल. पराग वाऱ्यावर जातो, तर खरा सूत्रधार वाराच नव्हे का? जून ते ऑगस्ट या काळात घाट चढून मावळात शिरणारा पावसाळी वारा वर्षातला सर्वांत जोरकस. सगळे वाऱ्यावरच असते, तर याच दिवसांत हवा परागाने भरलेली असायला हवी. घडते उलटे. बहुतेक वनस्पतींचा परागकोश वाळून फुटतो: भिंतीतल्या पेशी पाणी गमावतात, आकसतात, ताण वाढतो आणि शिवण उसवते. सततच्या ओल्या हवेत ही शिवण उसवतच नाही. गाडी दारात उभी आहे, पण प्रवासी घराबाहेर पडायला तयार नाही, अशी गत. बाहेर पडलेल्या कणाचे गणितही पाहण्यासारखे आहे. गवताच्या जातकुळीचा परागकण साधारण वीस ते चाळीस मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस या कणाच्या दुपटी-तिपटीने जाड. शांत हवेत हा कण सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर या गतीने खाली येतो. मीटरभर उंचीवरून सुटला तर अर्ध्या-पाऊण मिनिटात जमिनीला टेकणार, आणि सेकंदाला दोन मीटर वाहणाऱ्या वाऱ्यात तेवढ्या वेळात फार तर शंभरेक मीटर जाणार. मक्याचा कण याहून बराच मोठा, म्हणून त्यातला बहुतेक आजूबाजूच्या ओळींतच पडतो. लांबचा पल्ला गाठायचा तर नुसता आडवा वारा पुरत नाही. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते, तिच्यावर कणाला स्वार व्हावे लागते. ऊन हवे म्हणजे पुन्हा उघडीपच हवी. वारा वाहून नेतो खरा, पण काय न्यायचे आणि कधी, हे त्याच्या हातात नाही.

मावळाचे नाव आज ज्या तांदळामुळे घराघरांत आहे तो इंद्रायणी वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढला. १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. (आंबेमोहराला हे नाव आंब्याच्या मोहराच्या वासावरून मिळाले. एका फुलाचा वास दुसऱ्याच फुलाच्या दाण्यात ओळखणारी माणसे ज्या भाषेत होती, त्या भाषेत भाताच्या फुलाला मात्र वेगळे नाव नाही, याची मला गंमत वाटते.) जूनमध्ये रोप टाकले, जुलैत लावणी झाली, की सप्टेंबर सरता सरता हे भात पोटरीतून निसवते. लोंबी बाहेर आली की टोकाकडून खाली फुले उमलत येतात. एका लोंबीचा फुलोरा आठवडाभरात आटपतो, अख्खे खाचर दहा-पंधरा दिवस फुलत राहते. रोजची वेळही ठरलेली, साधारण सकाळी नऊ-दहापासून दुपारी बारापर्यंत. तुसांच्या तळाशी दोन इवल्याशा गाठी असतात. त्या पाणी ओढून फुगतात आणि मिटलेली तुसे दूर ढकलतात. सहा परागकोश बाहेर डोकावतात, फुटतात, पराग सांडतो. तासाभरात गाठी सुकतात आणि तुसे मिटतात ती कायमची. सुटलेल्या परागाचे आयुष्य अवघ्या काही मिनिटांचे. दाण्याच्या वाट्याला एकच सकाळ येते आणि त्या सकाळचा एकच तास. त्या तासाला सर कोसळली, तर दिवसाअखेर पाच मिलिमीटर भरला की पन्नास, याने त्या दाण्याला काही फरक पडत नाही. उलट रात्रभर धो-धो पडून सकाळी नऊला आभाळ उघडले, तर तेच पन्नास मिलिमीटर खाचर भरून गेले, म्हणून शेतकरी खूशच असणार. थेंब परागाचा घात करतो तो असा: कणाच्या आत विरघळलेल्या द्रव्यांचा दाट रस, बाहेर पावसाचे कोरे पाणी. पाणी झपाट्याने आत शिरते, कण फुगतो आणि फुटतो. न फुटलेला कण कुक्षीवरून धुऊन जातो. मग उरते पळींज: तूस जिथल्या तिथे, आत तांदूळ नाही.

इथे जाणकार मला अडवतील. भात स्वपरागित आहे. परक्या परागाचे प्रमाण बहुधा शेकडा एकाच्याही आत. पराग आपल्याच फुलातल्या कुक्षीवर पडतो, आणि पाऊस असेल तर तुसे न उघडताही आतल्या आत काम उरकू शकते. मग आभाळाची एवढी चिंता कशाला? हरकत रास्त आहे. तिने माझे म्हणणे आवरले जाते, मोडत नाही. एखाद्या सरीने खाचरभर पळींज होत नाही, म्हणून तर मावळात इतकी शतके भात पिकत आले. पण झड लागली, चार-पाच दिवस सूर्य दिसला नाही, की त्या दिवसांत फुललेल्या लोंब्यांत पळींज वाढते. आणि आभासमय काजळीसारखा रोग निसवण्याच्या याच ओल्या दिवसांत आत शिरतो. दुसरे टोकही आहे. फुलोऱ्याच्या तासांत पारा ३५ अंशांच्या पुढे गेला तर परागकोश नीट फुटत नाहीत आणि पळींज कोरड्या हवेतही होते. उघडीप म्हणजे नुसता कोरडेपणा नव्हे, हे त्यावरून ध्यानात यावे. आणि स्वपरागणाच्या आडोशाला हवामानाचा धाक किती आहे, हे पाहायचे तर तो आडोसा काढून पाहावा. तसे शेत अस्तित्वात आहे: संकरित भाताच्या बियाण्याचे. लोणावळ्याखाली घाट उतरला की कर्जत. तिथल्या संशोधन केंद्राने 'सह्याद्री' मालिकेतले संकरित वाण दिले. अशा बियाण्याच्या शेतात मादी ओळींचा पराग वांझ असतो, त्यामुळे शेजारच्या नर ओळींचा पराग हवेतून त्यांच्यापर्यंत पोहोचावाच लागतो. फुले उघडण्याच्या वेळी दोघे जण दोराची टोके धरून नर ओळींवरून दोर ओढत जातात किंवा काठीने लोंब्या हलवतात. थोड्या वेळाने पुन्हा, मग पुन्हा, दुपारपर्यंत. लोंबीच्या आड येणारे शेंड्याचे पान आधीच छाटलेले असते. पाऊस आला की दोर गुंडाळायचा. म्हणून या शेतात आधी फुलोऱ्याचे कोरडे दिवस नक्की करायचे आणि तिथून मागे मोजत पेरणीची तारीख धरायची. आपल्या रोजच्या भाताने झाकून ठेवलेली गरज इथे उघडी पडते.

शेतकऱ्याला हे कळत नव्हते असे नाही. त्याचे माप वेगळे होते. पावसाचे नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे. 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा' ही म्हण त्या मापातली. उत्तरा नक्षत्र सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या सुमारास असते. तेव्हा भात पोटरीत असते आणि त्याची पाण्याची भूक सर्वांत मोठी. त्यामागून येणारा हस्त, म्हणजे लोकांच्या तोंडचा हत्ती, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत चालतो, आणि नेमका तेव्हा फुलोरा. हत्ती पडला की भिंती पडतात, असे म्हणतात. त्या म्हणीत भाताची बढाई नाही. शेजारची दोन नक्षत्रे, पाऊस दोन्हींत, आणि सूर वेगवेगळा. म्हणींतून वनस्पतिशास्त्र काढण्याचा मोह मात्र आवरायला हवा, कारण हत्तीचा गडगडाटी पाऊस मातीच्या भिंतींना खरोखरच जड जात असणार आणि म्हणीचा अर्थ कदाचित तेवढाच असेल. तरी एवढे खरे की पंधरवड्याचे माप फुलोऱ्याच्या लांबीशी बरे जुळते, आणि एकूण हंगामाचे मिलिमीटर कशाशीच जुळत नाहीत. अडचण आता वेळापत्रकाची आहे. हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने बसवल्या. मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर झाली. मावळ त्या वाटेवरून फार लांब नाही. पूर्वी फुलोऱ्याचा बराच भाग पाऊस गेल्यावर यायचा. आता पाऊस जाताना वाटेत तो गाठतो. मग लावणी मागे-पुढे करा, असा सल्ला सुचतो. पण लावणी पावसाच्या पाण्यावर चालते. लवकर येणारे वाण घेतले तर फुलोरा सप्टेंबरच्या भर पावसात सापडतो, उशिराचे घेतले तर दाणा चिकात असताना खाचर आटण्याचे भय. फुलोरा सरकवता येतो, आभाळ नाही.

आता नाकाचा प्रश्न. पावसाने हवा धुऊन निघते, हे आपण इतक्या खात्रीने बोलतो की त्यात तपासायचे काही उरले आहे असे वाटतच नाही. ते अर्धे खरे आहे. पडणारा थेंब आपल्यासमोरची हवा बाजूला सारत येतो. दहा मायक्रॉनहून मोठा कण त्या हवेबरोबर वळू शकत नाही. तो थेंबावर आदळतो आणि खाली येतो. अख्खा परागकण या वर्गातला, म्हणून पाऊस त्याला चांगला धुतो. मायक्रॉनभराचा किंवा त्याहून बारीक कण मात्र थेंबाला वळसा घालून हवेबरोबर निसटतो. आणि परागकण फुटला की त्याचे तुकडे नेमके याच मापाचे होतात. भाताच्या फुलात ज्या फुटण्याने पळींज होते, तेच फुटणे हवेत झाले की त्याचा अर्थ बदलतो: राय ग्रास या गवताच्या एका कणातून सुमारे सातशेपर्यंत पिष्टमय कणिका बाहेर पडतात, आणि अख्खा कण नाकात अडकत असताना या कणिका फुप्फुसात खोल जातात. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नवर वादळी पाऊस आला, आणि श्वास कोंडलेल्या माणसांची रुग्णालयांत रीघ लागली. नेहमीपेक्षा तीन हजारांहून अधिक रुग्ण आले, दहा जण दगावले. आलेल्या रुग्णांपैकी अनेकांना त्याआधी दमा कधीच नव्हता. मावळातही सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारी जमीन तापते, संध्याकाळी परतीचा पाऊस विजांसह येतो, आणि डोंगरउतारावरची कुसळी, पवना, मारवेल ही गवते त्याच सुमारास फुलोऱ्यात असतात. म्हणून मेलबर्नचा धडा इथे जसाच्या तसा लावावा का? मला तसे वाटत नाही. तिथे शहराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला एकाच जातीच्या गवताची अफाट कुरणे आहेत, आणि त्या गवताचा पराग दम्याच्या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. इथे उतारावर गवतांची सरमिसळ, मध्ये भाताची खाचरे, मध्ये झाडी. मेलबर्नवरून मी घेतो ते एवढेच की पाऊस आणि पराग यांचे नाते एकाच दिशेने चालत नाही. संथ, तासन्‌तास चालणारा पाऊस हवा निवळतो. उन्हाच्या पाठीवर आलेली पहिली जोरदार सर तीच हवा तासाभरापुरती बिघडवू शकते. मिलिमीटरच्या तक्त्यात दोन्ही एकाच रांगेत बसतात.

पाऊस संपल्यावरची उघडीप दीर्घ असते, आणि तिचा फायदा घ्यायला सर्वांत तयार वनस्पती म्हणजे गाजरगवत. या पाहुण्याची नोंद पुण्यातून १९५६ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून ते आले आणि तेव्हाच्या सरकारवरून त्याला काँग्रेस गवत म्हणू लागले, असे सांगतात. मात्र त्या मदतीचा पीएल-४८० हा करार १९५६ च्या ऑगस्टमधला आणि गवत त्याआधीच पुण्यात दिसलेले, तेव्हा निदान त्या करारावर तरी हा आळ बसत नाही. द्रुतगती महामार्गाच्या कडा, पाडलेले पण न बांधलेले प्लॉट, औद्योगिक वसाहतीच्या कुंपणालगतची पडीक जागा, जिथे माती उकरून सोडली आहे तिथे ते उभे. त्याचा पराग गुठळ्या-गुठळ्यांनी सुटतो, म्हणून तो फार लांब जात नाही. पण जवळपास जातो तिथे उपद्रव करतो. बंगळूरच्या दोन संशोधकांनी १९८० साली दाखवले की हा पराग दुसऱ्या पिकाच्या कुक्षीवर साचला तर त्या पिकाची फळधारणा घटते. परागकण परक्या फुलावर जाऊन वाया जातो एवढेच आपण शिकलेलो असतो; इथे तो परक्याचे दारही अडवतो. थंडीत या सगळ्याला रात्रीची जोड मिळते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खोऱ्यात बसते आणि वर उबदार हवेचे झाकण पडते. पुण्यात १९३२ साली शेतीहवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. तो ज्यांनी उभारला त्या एल. ए. रामदास यांनी त्याच वर्षी एस. आत्मनाथन यांच्यासह असे दाखवले की अशा रात्री सर्वांत गार थर अगदी जमिनीला चिकटून नसतो, तर तिच्यापासून काही सेंटिमीटर ते हातभर उंचीवर असतो. हा थर आज रामदासांच्याच नावाने ओळखला जातो. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की पिकाच्या उंचीवरची हवा आणि वेधशाळेच्या पांढऱ्या पेटीतली हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नव्वदेक वर्षांपूर्वी इथेच, मावळापासून हाकेच्या अंतरावर, थर्मामीटर लावून सिद्ध झाले. इंद्रायणीच्या खोऱ्यात हिवाळ्यात धुक्याबरोबर जे काही कण साचतात ते ऊन चढून झाकण फुटेपर्यंत तिथेच घोटाळत राहतात. तिथेही प्रश्न तासांचाच.

वारा ज्यांच्या कामाचाच नाही अशा फुलांना हा नियम लागू नाही, असे कोणी म्हणेल. कारवीचे उदाहरण पाहावे. सह्याद्रीच्या उतारांवर ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तीही ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि तिचा पराग मधमाश्यांच्या अंगावरून जातो. वारा कितीही असो, तिला फरक पडत नाही. पण माशी पावसात पोळ्याबाहेर पडत नाही. सात वर्षे थांबलेले झुडूप शेवटी दोन सरींमधल्या ऊनतुकड्यावरच विसंबते.

सर्वांत वजनदार हरकत वेगळीच आहे. शिंका, खोकला, दमा यांचा दोष परागाला देणे सोपे, पण रस्त्याची धूळ, गाड्यांचा धूर, भातकापणीनंतर उडणारे कुसपट हे जास्त मोठे अपराधी असतील. शिवाय हवेत पराग नाही म्हणजे ती मोकळी, असेही नाही. बुरशीचे कित्येक बीजाणू ओल मिळाल्यावरच सुटतात, म्हणून झडीच्या दिवसांतली धुतलेली हवा त्यांनी भरलेली असू शकते. हे सगळे मला मान्य आहे. हवेत काय आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलू नये, हा धडा तसा जुना आहे. १८७३ साली मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी चिकट काचा लावून, पतंगावर चढवून हवेतला पराग मोजला आणि तोच शिंकांचे मूळ असल्याचे दाखवले. त्याच वर्षी कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम यांनी तुरुंगांच्या आवारातली हवा सूक्ष्मदर्शकाखाली धरली, रोगाची साथ आणि हवेतले कण यांचा मेळ बसतो का ते पाहिले, आणि बसत नाही असे प्रामाणिकपणे लिहिले. एकाला होकार मिळाला, दुसऱ्याला नकार, आणि दोघांची पद्धत एकच. महाराष्ट्रात औरंगाबादच्या विद्यापीठात एस. टी. टिळक यांनी हवेतले कण पकडणारे स्वतःचे यंत्र बनवले. त्याला टिळक सॅम्पलर म्हणतात. अशा यंत्राच्या चिकट पट्टीवर तासातासाचा हिशेब उमटतो, आणि धूळ, बीजाणू, पराग वेगळे करून मोजता येतात. त्यामुळे या हरकतीने माझ्या म्हणण्याचा परीघ लहान होत असला तरी मापाचा मुद्दा उलट घट्टच होतो: धूळही सरीने बसते आणि उघडीपीत उडते, बीजाणू ओलीत सुटतात, पराग उन्हात. तिघांची वेळापत्रके वेगळी, आणि चोवीस तासांच्या एका आकड्यात तिन्ही पुसली जातात.

तो आकडा रोज सकाळी साडेआठला घेतात. पर्जन्यमापकातले पाणी मापाच्या नळीत ओततात, आदल्या सकाळी साडेआठपासून आतापर्यंतचा पाऊस वहीत चढतो. इकडे वराळ्याच्या खाचरात हस्त नक्षत्र चालू आहे, आणि वही मिटल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने पहिली तुसे सैल होऊ लागतील. समजा, एके दिवशी वीस मिलिमीटर पाऊस मध्यरात्रीनंतर पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच सकाळी दहा ते बारा या वेळात पडला. वहीत दोन्ही पावसांची नोंद वीसच होईल.